दोन झटके म्हणजे मागे

न्हाणीघराच्या स्लॅबवर बाबा,
आत टीव्हीसमोर आई,
आणि मधे, पडवीच्या पायरीवर, मी.
माझ्या मनगटाला तंगुसाची दोरी बांधलेली,
तिचं दुसरं टोक बाबांच्या मनगटाला.

ओरडून उपयोग नाही.
सव्वीस वर्षं ट्रॉलरच्या इंजिनाशेजारी बसून
बाबांच्या कानांत आता फक्त इंजिनच राहतं.
म्हणून सकाळी ठरलं :
एक झटका, पुढे.
दोन झटके म्हणजे मागे.
तीन म्हणजे बस, आवळ.

डिश फुकटवाली, देवगडहून आणलेली,
रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतून उभी केलेली.
परवा तिच्यावर माडाची झावळ पडली आणि मान वळली.
तेव्हापासून पडद्यावरची माणसं
चौकटी चौकटी होऊन सांडतात,
बोलता बोलता अर्ध्या ओठावर थांबतात.
खाऱ्या वाऱ्यानं नट असे धरलेले
की काल रात्रभर त्यांना खोबरेल पाजावं लागलं.

आई आकडे वाचते.
रोज पहाटे बंदरावर लिलावात लावते तोच आवाज :
"अडतीस! अडतीस! चाळीस!
बेचाळीस... गेलां! होतां ता गेलां!"
कुंपणापलीकडून द्वारकाकाकी विचारते,
"काय गो, सरंगो इलो काय?"

मी दोनदा ओढते.
वर बाबा डिश केसाएवढी मागे घेतात.
इथे केसाएवढी.
तिकडे वर किती कोस, कोण मोजणार.

तांबळडेगात सगळ्यांची तोंडं समुद्राकडे.
घरांची, ओढून ठेवलेल्या होड्यांची,
पायरीवर जाळं शिवत बसलेल्या म्हाताऱ्यांची.
एकटी ही समुद्राकडे पाठ करून बसते,
आग्नेयेला, माडांच्या शेंड्यांवरून, घाटाच्याही वर
टक लावून,
जिथे कुणाची होडी कधी गेली नाही.

बाबांना आधी ते पटलंच नव्हतं.
"थंय काय आसा?"
दिसत काही नाही, मी म्हटलं, पण आहे म्हणतात.
"मासोय तसोच," ते म्हणाले
आणि पाना घेऊन शिडी चढले.

खोल पाण्यात जागा शोधायची त्यांची रीत :
देवळाचा कळस डोंगराच्या खाचेत बसला
की तिथं जाळं टाकायचं.
तशीच खूण त्यांनी वर लावली.
डिशची कड, सावंतांच्या टाकीचा नळ,
आणि दोघांच्या रेषेत पलीकडचा वाकडा माड.
झटका.
झटका, झटका.
झटका.

"एकसष्ट! पासष्ट! अडुसष्ट!"
भाव चढतो.
एकाहत्तरला आईचा आवाजच बंद.

मी आत डोकावते.
पडद्यावर हिरव्या साडीतली कुणी बाई,
अख्ख्या चेहऱ्याची,
कोथिंबीर चिरतेय.
आई खुर्चीच्या कडेवर, रिमोट तसाच हातात.
कोथिंबिरीचं पान न् पान वेगळं दिसतं.
मी उंबऱ्याशी टेकते.
मग फोडणी बसते. मग जाहिराती. मग परत ती बाई,
आता वांगी घेऊन.

तेव्हा मनगट ओढलं जातं.
एकदाच, हलकं,
मासा गरीची चव बघून जातो तसं.
थोड्या वेळानं परत.

बाहेर येते तर बाबा स्लॅबवर उकिडवे,
एका हातानं डिश धरलेली,
दुसऱ्यात दोरी,
डिशचं तोंड आग्नेयेला, त्यांचं समुद्राकडे.
घामानं शर्ट पाठीला चिकटलेला.
मघाशी कौलावर बसलेला कावळासुद्धा
कंटाळून उडून गेलेला.
"इलां काय गो?"

तीन. तीन द्यायचे राहिले होते.
मी देते, सावकाश, मोजून.
ते मान हलवतात, पाना शोधतात, आवळू लागतात,
आणि आतून, पडत्या भावात, आई :
"सत्तर! पासष्ट!
अगो... चव्वेचाळीस!"

मी दोरीचा आणखी एक वेढा
मनगटाला घेते.